घेतलेले गेम खेळायचे कधी?

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून काय काय निघेल, सांगता येत नाही. मागच्या दिवाळीत आमच्याकडे निघाला एक बुटांचा जुना खोका. त्यात करड्या रंगाचे एक प्लॅस्टिकचे यंत्र, वायर गुंडाळलेले दोन रिमोट आणि तीन कॅसेट. गाण्यांच्या नव्हेत, व्हिडिओ गेमच्या. मी फडक्याने धूळ झटकायला घेतली, तर ह्यांनी खोका हातातून काढूनच घेतला.

"हा माझा आणि दादाचा! १९९४च्या मे महिन्यातला!" ह्यांचा चेहरा बारा वर्षांच्या मुलासारखा झाला होता.

नववीतल्या आमच्या लेकीने एका कॅसेटवरचा कागद वाचला. "९९९९ इन १? बाबा, तुमच्याकडे दहा हजार गेम होते?"

"कुठले गं! खरे पाच-सहाच. तेच नावे बदलून पुन्हा पुन्हा यायचे."

"मग आता तुमच्या कॉम्प्युटरवर किती आहेत?"

प्रश्न साधा होता, पण ह्यांना उत्तर देता येईना. चहा झाल्यावर दोघे बापलेक यादी उघडून बसले. विकत घेतलेले आणि फुकट मिळालेले मिळून गेम निघाले २१४. त्यांतले एकदा तरी उघडून पाहिलेले ३७. आणि शेवटपर्यंत खेळलेले? फक्त ११!

मी सुनावायला तोंड उघडले होते, पण नजर गेली ती कोपऱ्यातल्या टीपॉयवर. तिथे गेल्या तीन वर्षांचे दिवाळी अंक न वाचता रचून ठेवलेले होते. मी गप्प बसले.

ही गोष्ट आमच्या एकट्या घरची नाही. लहानपणी भाड्याच्या कॅसेटवर मारिओ खेळलेली पिढी आता चाळिशीत आहे. तेव्हा हौस होती, वेळ होता, पण पैसे नव्हते. आता पैसे आहेत, हौसही आहे, पण वेळ कुठे आहे? मग खेळण्याची हौस विकत घेण्यावर भागवली जाते आणि न खेळलेल्या गेमचा ढीग वाढत जातो.

एका कॅसेटचे दिवस

जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ मध्ये घरच्या टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेमचे यंत्र बाजारात आणले. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत अस्सल यंत्र क्वचितच आले. आल्या त्या त्याच्यासारख्याच चालणाऱ्या स्वस्त नकला. मारिओ, कॉन्ट्रा, बदके मारण्याचा डक हंट हे सगळे आपल्याला भेटले ते या नकली यंत्रांवर.

तेव्हा एक कॅसेट म्हणजे एक सुट्टी. दुकानदाराला थोडे पैसे देऊन कॅसेट बदलून आणायची आणि ती पुन्हा बदलेपर्यंत तेच गेम घोटायचे. बहुतेक गेममध्ये खेळ अर्धवट ठेवून दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे जायची सोय नव्हती. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून! १९८५चा सुपर मारिओ ब्रदर्स हा अख्खा गेम अवघ्या ४० किलोबाइटमध्ये मावलेला आहे. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. पण त्या एवढ्याशा गेमने मुलांचे उन्हाळेच्या उन्हाळे भरून टाकले, कारण दुसरे काही हाताशी नव्हते.

ढीग वाढतो कसा?

आज नेमके उलटे आहे. कॅसेटवरचा ९९९९ हा आकडा तेव्हा थाप होती. आता तो खरा झाला आहे. संगणकावरचे गेम विकणारे 'स्टीम' हे दुकान २००३ मध्ये सुरू झाले. २०२४ या एका वर्षात तिथे १८ हजारांहून अधिक नवे गेम आले. म्हणजे दिवसाला सुमारे पन्नास!

त्यात सेल असतात. दोन हजारांचा गेम पाचशेला दिसला की हात आवरत नाही. साड्यांच्या सेलमध्ये आपले तरी वेगळे काय होते? घेताना आपण साडी नेसून कुठे जाणार आहोत तेही ठरवलेले असते. ती घडी मोडायची राहून जाते, एवढेच. 'एपिक' नावाच्या दुकानाने तर डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झाल्यापासून ठरावीक दिवसांनी एखादा गेम फुकट देण्याची प्रथाच पाडली. फुकटचे कोण सोडतो?

तिसरे कारण म्हणजे गेमची लांबी. २००७चा पोर्टल हा सुंदर गेम तीन-चार तासांत संपतो. पण २०१५च्या विचर ३ ची मुख्य कथा पुरी करायलाच सुमारे ५० तास लागतात. कानाकोपरा धुंडाळायचा म्हटला तर दीडशेच्याही वर जातात.

आणि जुने गेम नवे कपडे घालून परत येतात ते निराळेच. १९९७ मध्ये आलेला फायनल फँटसी ७ नव्या रूपात येऊ लागला, त्याचा पहिला भाग २०२० मध्ये आणि दुसरा २०२४ मध्ये आला. ज्याचा मूळ गेमच खेळायचा राहिला होता, त्याच्या यादीत आता एकाऐवजी तीन नावे झाली!

लेकीने कागदावर हिशेब मांडला. राहिलेले गेम २०३. एकाला सरासरी १५ तास धरले, तर तीन हजारांहून अधिक तास. बाबांना आठवड्याला मिळतात जेमतेम पाच. म्हणजे जवळजवळ बारा वर्षे, तीही एकही नवा गेम न घेता.

"बाबा, तोवर मी सव्वीस वर्षांची होईन," ती म्हणाली.

तिला गंमत वाटली होती. ह्यांना ती गंमत वाटली नाही, हे मला दिसत होते.

जुने गेम वाट पाहत नाहीत

'जुने काय, कधीही खेळता येतील,' असे आपल्याला वाटते. पण गेम काही पुस्तकासारखा पन्नास वर्षे फळीवर राहत नाही. ज्या थोड्या जुन्या कॅसेटमध्ये खेळ राखून ठेवायची सोय होती, त्यांच्या पोटात घड्याळात असतो तसला गोल सेल असतो. तो संपला की राखलेला खेळ पुसला जातो. कॅसेट चालेना की आपण तिच्यात जोरात फुंकर मारायचो. ते खरे तर चुकीचेच होते. फुंकरेतल्या ओलाव्याने आतल्या धातूच्या पट्ट्या गंजतात. खुद्द निन्टेंडोनेही असे करू नये म्हणून सांगितले आहे. फुंकरीनंतर कॅसेट चालायची, ती बहुधा काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे.

डक हंटची बंदूक तर आजच्या चपट्या टीव्हीवर चालतच नाही. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड टिपतो. हा सगळा हिशेब जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेगावर बसवलेला आहे. नव्या टीव्हीवर चित्र उमटायला किंचित उशीर होतो आणि तेवढ्यात बदक सुटते.

दुकानेही बंद होतात. निन्टेंडोने आपल्या वी यंत्राचे ऑनलाइन दुकान जानेवारी २०१९ मध्ये बंद केले. थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांच्या दुकानांतील विक्री मार्च २०२३ मध्ये थांबली. जुने गेम जतन करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आता बाजारात विकत मिळत नाहीत, असे तीत आढळले.

विकत घेतलेला गेमही हातात राहीलच, असे नाही. २०१४चा द क्रू हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम इंटरनेटशिवाय चालत नसे. कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी त्याचा सर्व्हर बंद केला आणि ज्यांनी पैसे मोजून डिस्क घेतली होती त्यांनाही तो खेळता येईना. त्यातून गेम असे मारून टाकू नयेत म्हणून युरोपात मोहीम उभी राहिली. २०२५ मध्ये तिला दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्यांनी पाठिंबा दिला. थोडक्यात काय, आपल्याला वाटते यादी आपली वाट पाहत थांबली आहे, पण ती मागल्या दाराने झिरपतही असते.

यादीला हात कसा घालावा?

यादी पाहून दडपून जायचे कारण नाही. घरातली पसरलेली कपाटे आपण जशी आवरतो, तसेच हेही आवरता येते. आमच्याकडे जे केले आणि जे जमले, ते सांगते.

यादी कागदावर लिहून काढा. पडद्यावरची यादी डोळ्यांना नुसती चित्रे दाखवते. कागदावर लिहिताना प्रत्येक नावाशी हात थांबतो. नावांचे चार वाटे करा : खेळायचेच, जमले तर खेळू, घरच्यांबरोबर खेळायचे आणि सोडून दिले. ह्यांच्या २०३ पैकी १२० गेम पहिल्याच दिवशी चौथ्या वाट्यात गेले. ह्यांतले बरेचसे फुकट मिळाले म्हणून घेतलेले होते.

एका वेळी दोनच गेम हाती घ्या. एक मोठा आणि एक छोटा. मोठा रविवारसाठी, छोटा आठवड्यातल्या थकलेल्या संध्याकाळसाठी. पाच-सहा गेम एकदम सुरू केले की एकही संपत नाही.

दोन तास खेळून पाहा. तेवढ्यात मन रमले नाही, तर खुशाल सोडा. 'पैसे दिले आहेत' म्हणून रेटत बसणे म्हणजे पोट भरल्यावरही ताटात टाकायचे नाही म्हणून खाणे. पैसे तर गेलेच आहेत, निदान संध्याकाळ तरी वाचवा.

उठताना एक ओळ लिहून ठेवा. आपण कुठे आहोत, काय शोधत होतो, कोणते बटण कशाला. महिन्याभराने परतल्यावर हेच आठवत नाही आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायच्या कंटाळ्याने गेम कायमचा मागे पडतो. अर्धवट राहिलेल्या कितीतरी गेमचे खरे कारण एवढेच असते.

बंद पडू शकणारे गेम आधी खेळा. इंटरनेटवरच चालणारे, जुन्या यंत्रावर अडकलेले गेम यादीत वर घ्या. बाकीचे थांबतील.

सोपी पातळी निवडण्यात कमीपणा मानू नका. कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांना १९८६च्या ग्रॅडियस या आपल्याच गेमची तपासणी करताना तो इतका अवघड वाटला, की त्यांनी बटणांचा एक गुप्त क्रम घालून ठेवला : वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी, ए. तो दाबला की खेळाडूला भरपूर शक्ती मिळे. गेम करणाऱ्यालाच सवलत लागली, तर नोकरी-संसार सांभाळून खेळणाऱ्याने का घेऊ नये?

एक संपला तरच दुसरा घ्या. आवडलेल्या गेमचे नाव महिनाभर कागदावर लिहून ठेवा. महिन्यानेही हवासा वाटला तर बघू. आजचा सेल हुकला, तर काही महिन्यांनी दुसरा येतोच.

संपला म्हणजे काय, ते तुम्ही ठरवा. टेट्रिस हा ठोकळ्यांचा गेम १९८४ मध्ये मॉस्कोत जन्मला. त्याला शेवट असा नाहीच. निन्टेंडोवरची त्याची १९८९ची आवृत्ती अमेरिकेतल्या १३ वर्षांच्या एका मुलाने डिसेंबर २०२३ मध्ये १५७व्या लेव्हलला नेली, तेव्हा कुठे गेमच गोठून थांबला. चौतीस वर्षांत तिथे कोणी माणूस पोचला नव्हता! म्हणून काय बाकीच्यांना टेट्रिसचा आनंद मिळाला नाही? जेवढ्याने मन भरले, तेवढ्यावर बरोबरची खूण करून मोकळे व्हावे.

मात्र एक पथ्य पाळावे. यादी उरकायची म्हणून झोप, अभ्यास, जेवण यांवर घाला येता कामा नये. गेमवरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्यापेक्षा गेमच मोठा वाटणे आणि नुकसान दिसूनही न थांबणे, असे साधारणपणे वर्षभर चालले, तर जागतिक आरोग्य संघटनेने त्याला आजारांच्या यादीत जागा दिली आहे. ही यादी २०२२ पासून लागू आहे. घरात कोणाचे तसे होत असेल, तर चिडण्यापेक्षा डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. हौसेची यादी कामाची यादी झाली, की ती फाडून टाकलेली बरी.

घरच्यांचा वाटा

चार वाट्यांतला तिसरा, म्हणजे घरच्यांबरोबर खेळायचे गेम, हा मला सर्वांत आवडलेला. लेकीने त्यातून निवडला राजी. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने तो २०२० मध्ये आणला. पळवून नेलेल्या आपल्या भावाला शोधायला निघालेल्या मुलीची ती गोष्ट. भिंतींवरची चित्रे, राजवाडे, दुर्गा आणि विष्णू यांचे संवाद, सगळे आपल्या ओळखीचे. दोन वर्षे तो ह्यांच्या यादीत न उघडता पडून होता. बापलेकीने तो एका शनिवार-रविवारात संपवला. अवघड जागी बाबा, कोडी सोडवायला लेक, आणि मी मागे मटार सोलत बसलेली. राजी कड्यावरून पडली की माझ्याही हातातली शेंग थांबायची.

आता त्या खोक्याविषयी. तिसऱ्या कॅसेटवर एका दुकानाची चिठ्ठी चिकटवलेली होती. "ही आमची नाहीच," हे ओशाळून म्हणाले. "भाड्याने आणलेली कॉन्ट्रा. परत द्यायचीच राहिली."

झाले असे होते, की त्या सुट्टीत दोघा भावांनी कॉन्ट्रा संपवायचाच, असा पण केला होता. आठ लेव्हल. दोघांनी मिळून खेळायचा गेम. तिसऱ्या लेव्हलला धबधबा चढावा लागतो. एकजण घाईने वर गेला, की पडदा वर सरकतो आणि मागे राहिलेला मरतो. तिथे रोज भांडणे. आठव्या लेव्हलच्या तोंडाशी पोचले आणि सासऱ्यांच्या बदलीचा हुकूम आला. सामान घाईत बांधले गेले, त्यात कॅसेटही आली. भाऊजी अकरावीसाठी वसतिगृहात गेले, हे आईवडिलांबरोबर बदलीच्या गावी. पुढे नोकऱ्या, लग्ने, दोन वेगळी शहरे. 'पुढच्या खेपेस निवांत बसू' असे दर खेपेस ठरायचे.

पाडव्याला भाऊजी हैदराबादहून आले. यंत्र जोडून पाहिले, ते काही सुरू झाले नाही. सगळे हिरमुसले. तेवढ्यात लेकीने यादीचा कागद आणला. नाव चौथ्या वाट्यात होते, सोडून दिलेल्यांत. २०१९ मध्ये आलेला कॉन्ट्राचा जुन्या गेमचा संच ह्यांनी कुठल्याशा सेलमध्ये घेऊन ठेवला होता आणि विसरूनही गेले होते!

तीन रात्री दोघे खेळले. धबधब्याशी आवाज चढले. "दादा, थांब ना!" असे पंचेचाळिशीचा माणूस ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकले. पहिल्या दोन रात्री दोघांनी सवलत घ्यायला साफ नकार दिला. गुडघे आणि बोटे पूर्वीसारखी राहिली नव्हती. तिसऱ्या रात्री लेकीने तीस जिवांसाठी वर वर, खाली खाली दाबून दिले, तेव्हा कोणी हरकत घेतली नाही.

जाणत्या खेळाडूला अर्ध्या-पाऊण तासात संपणारा हा गेम. ह्यांच्या हातून तो संपायला तीस वर्षांच्या वर गेली. यादीतले २१४ गेम एकीकडे, पण हा मात्र कितीही वेळ मिळाला असता, तरी त्यांना एकट्याने संपवता आला नसता.

शेवटची नावे पडद्यावरून सरकत होती. दोघे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग भाऊजींनी ती पिवळी कॅसेट हातात घेतली, दुकानाची चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "परत द्यायला जरा उशीर झाला, नाही रे?"